असमकालिक दूरस्थ प्रतिकृती
एका संगणक केंद्रात साठविली जाणारी आधारसामग्री दूरच्या दुसऱ्या केंद्रात सतत उतरवून घेण्याची, पण त्या केंद्राच्या पोचेसाठी मूळ ठिकाणचे लेखन न थांबविण्याची पद्धत. पोच येईपर्यंत लेखन अडवून धरणाऱ्या पद्धतीस समकालिक प्रतिकृती म्हणतात. आग, पूर, भूकंप इ. आपत्तींत मुख्य केंद्र निकामी झाले, तरी बँका, शेअर बाजार यांसारख्या संस्थांचे व्यवहार दुसरीकडून चालू करता यावेत, हा दोहोंचा हेतू होय. असमकालिक प्रत काही सेकंद वा मिनिटे मागे असते आणि एवढे नुकसान बहुधा सोसता येते. तिच्यातील निरनिराळे व्हॉल्यूम (संगणकाला एकसंध तबकडीसारखे दिसणारे संचयाचे भाग) कमीअधिक मागे पडले, तर मात्र ती प्रत निरुपयोगी ठरू शकते.

याचे कारण लेखनांच्या परस्परावलंबनात आहे. मोठ्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष नोंदी एका व्हॉल्यूमवर व बदलांची रोजवही, म्हणजे लॉग, दुसऱ्यावर ठेवतात. बदल आधी लॉगमध्ये पक्का लिहावयाचा व मगच मूळ नोंदीत करावयाचा, हा नियम १९७०–८० या दशकात रूढ झाला. अकस्मात वीज गेल्यास लॉग वाचून अर्धवट व्यवहार रद्द करता येतात आणि पुरे झालेले पुन्हा बसविता येतात. समजा, एका खात्यातून १०,००० रुपये वजा झाले, पण दुसऱ्यात जमा होण्याआधीच आपत्ती आली. दूरच्या केंद्रात नोंदींचा व्हॉल्यूम पुढे व लॉगचा मागे असेल, तर वजावट दिसेल, पण ती अर्धवट आहे हे सांगणारी ओळच तेथे नसेल. अशी प्रत दुरुस्त करण्याचा आधारच नाहीसा होतो. उलट, सर्व व्हॉल्यूम एकाच क्षणी थांबल्यासारखे असतील, तर प्रत जुनी असूनही डेटाबेस स्वतःला सावरू शकतो.

चुंबकीय फितींच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवला नाही. दिवसाचे काम आटोपल्यावर फिती भरून त्या वाहनाने दुसऱ्या जागी नेत. लेखन बंद असल्याने सुसंगती आपोआप साधे. मात्र दिवसभराचे व्यवहार गमावण्याची तयारी ठेवावी लागे.

प्रश्नाची तात्त्विक मांडणी तबकड्यांशी थेट संबंध नसलेल्या लेखनातून झाली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लँपोर्ट यांनी १९७८ मध्ये वितरित प्रणालीतील घटनांचा क्रम घड्याळाऐवजी कार्यकारणसंबंधावरून कसा ठरवावा, हे दाखविले. १९८५ मध्ये के. मणी चँडी यांच्यासह त्यांनी चालू प्रणालीचे, ती न थांबविता, सुसंगत चित्र टिपण्याची रीत सांगितली. त्या चित्रात परिणाम आला, तर त्याचे कारणही आलेच पाहिजे. दूरस्थ प्रतिकृतीची कसोटी याहून वेगळी नाही.

ईएमसी कंपनीची एसआरडीएफ ही दूरस्थ प्रतिकृतीची यंत्रणा १९९४ मध्ये आली. त्याच दशकात आयबीएमनेही मोठ्या संगणकांसाठी समकालिक व असमकालिक अशा दोन रीती दिल्या. समकालिक रीतही निर्धोक नव्हती. आपत्ती क्वचितच एका क्षणात पुरी होते. आगीत प्रथम एका व्हॉल्यूमची जोडणी तुटते, बाकीचे काही काळ पुढे जात राहतात आणि प्रत विसकटते. म्हणून एक जोडणी तुटताच गटातील सर्व व्हॉल्यूमचे लेखन क्षणभर गोठविण्याची युक्ती निघाली. आयबीएमच्या असमकालिक रीतीत, एक्सआरसीमध्ये, प्रत्येक लेखनावर सामाईक घड्याळाची वेळ उमटे. सर्व नियंत्रकांकडून ज्या वेळेपर्यंतची लेखने येऊन पोहोचली असतील, तेवढ्यांचाच सुसंगत गट दूरच्या केंद्रात लिहिला जाई. साहजिकच सर्वांत संथ नियंत्रक सर्वांची गती ठरवी.

इतर सर्व्हरांच्या कार्यकारी प्रणाली लेखनावर अशी वेळ उमटवीत नसत. त्यामुळे २००० नंतर हे काम संचय-यंत्रांनी अंगावर घेतले. एसआरडीएफच्या असमकालिक प्रकारात ठराविक कालावधीतील लेखनांचा एक संच बनतो व सर्व व्हॉल्यूमचे संच एकदमच बदलतात. आधीचा संच पूर्ण पोहोचल्याखेरीज तो दूरच्या प्रतीत मिसळत नाही. त्या कालावधीत एकच जागा दहादा लिहिली गेली, तरी शेवटचेच लेखन पाठवावे लागते, ही मोठीच बचत. हिताचीने २००४ मध्ये आणलेल्या पद्धतीत प्रत्येक लेखनाला अनुक्रमांक देऊन ते जर्नलमध्ये ठेवतात व दूरचे यंत्र ते ओढून घेऊन त्याच क्रमाने बसविते. येथे सर्व लेखने वाहून न्यावी लागतात, पण जोडणी मंदावली तर जर्नल काही काळ धक्का सोसते. जर्नल भरल्यावर मात्र प्रतिकृती थांबते, केवळ कोणत्या जागा बदलल्या एवढीच खूण राहते आणि लेखनांचा क्रम हरवतो. पुन्हा मेळ बसेपर्यंत दूरची प्रत विसंगत असते. म्हणून मेळ घालण्यापूर्वी तेथील जुन्या सुसंगत प्रतीची वेगळी नक्कल राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. व्यवहारात हीच पायरी गाळली जाण्याचा संभव असतो.

न्यूयॉर्कवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अंतराचा प्रश्न ऐरणीवर आला. अमेरिकन वित्तीय नियामकांच्या २००२ च्या मसुद्यात २०० ते ३०० मैलांचा उल्लेख होता. एप्रिल २००३ च्या अंतिम निवेदनात ठराविक अंतर घातले गेले नाही. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सु. २ लाख किमी. असल्याने १,००० किमी. अंतरावरून पोच येण्यास किमान १० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक लेखनामागे एवढा विलंब शेअर बाजाराला परवडत नाही.

भारतात सेबीच्या २०२१ च्या सूचनांनुसार दूरचे केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, अन्यथा किमान ५०० किमी. दूर असावे आणि काहीच गमावले जाऊ नये म्हणून शिवाय एक निकट केंद्रही असावे, अशी अपेक्षा आहे. निकट केंद्राशी समकालिक व दूरच्याशी असमकालिक जोडणी, हा त्रिकेंद्री घाट त्यातून स्वाभाविकपणे येतो. निकट जोडणीचीही किंमत असते. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सु. चार तास बंद पडले, ते दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर संचय-जाळे अनुपलब्ध झाल्यामुळे.

कोणते व्हॉल्यूम एका गटात घालावयाचे, हे यंत्राला कळत नाही. परस्परांना संदेश पाठविणारे दोन डेटाबेस वेगळ्या गटांत पडले, तर प्रत्येक गट स्वतःपुरता सुसंगत असूनही एकात पाठविलेली रक्कम दुसऱ्यात पोहोचलेली नसते. सर्वच एका गटात घातले, तर सर्वांत मंद व्हॉल्यूमपायी अवघी प्रत मागे राहते.