पाचारण (कॅथलिक व्रतस्थ जीवनाचे)

पाचारण : दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेऊन धर्मसंघात आयुष्य वाहण्यासाठी ईश्वर आपणांस बोलावीत आहे, ही तरुण कॅथलिक व्यक्तीस होणारी जाणीव. या जाणिवेची पारख दीर्घकाळ चालते. या पारखेस पद्धतशीर रूप इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याने दिले. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी होऊन तो अंथरुणास खिळला असता, पराक्रमाच्या मनोराज्यांतील आनंद ओसरताच मन शुष्क होते, परंतु संतचरित्रांच्या चिंतनाने लाभणारे समाधान मागाहूनही टिकते, हा भेद त्याच्या ध्यानी आला आणि त्यातूनच अंतःप्रेरणा पारखण्याचे त्याचे नियम सिद्ध झाले.

केवळ उत्कटतेवर चर्च विसंबत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार १७ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज उमेदवारास नवदीक्षेत (व्रते घेण्यापूर्वीच्या प्रशिक्षणकाळात) दाखल करता येत नाही. नवदीक्षेची मुदत किमान १२ महिन्यांची असते, त्यानंतर काही वर्षे तात्पुरती व्रते पाळावी लागतात, आणि आजीवन व्रते वयाची २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी घेता येत नाहीत. जबरदस्ती, भय वा फसवणूक यांमुळे घेतलेली व्रते रद्दबातल ठरतात. प्रार्थना, आध्यात्मिक मार्गदर्शकाशी मोकळा संवाद व संघातील प्रत्यक्ष सहवास ही या पारखेची मुख्य साधने होत. या काळात विचारपूर्वक घेतलेली माघार हीदेखील तिची प्रामाणिक निष्पत्तीच होय.