भाव कळला, पण माल कुठे न्यायचा?

मंडळी, शेतकऱ्याला माहिती मिळाली की त्याचं उत्पन्न वाढतं, हे आपण इतक्या सहज बोलून जातो की ते तपासायचं राहूनच जातं. महाराष्ट्रात ते नीट तपासलं गेल्याची दोन उदाहरणं आज घेऊ. दोन्हींत पन्नासेक वर्षांचं अंतर आहे, पण जिल्हे बरेचसे तेच.

पहिलं १९५६चं. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला होता. त्याच फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून, युनेस्कोच्या मदतीने, ‘रेडिओ फार्म फोरम’चा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली १५० गावं. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसहाला, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातली. पण नुसतं ऐकून उठायचं नव्हतं हं! गावातले पंधरा-वीस जण रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम संपला की त्यावर बोलायचे, निमंत्रक टिपण करायचा. अडलेले प्रश्न आकाशवाणीकडे जायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची.

मूल्यमापनाचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होतं. ते केलं पॉल न्यूरथ या मूळच्या व्हिएन्नाच्या समाजशास्त्रज्ञाने. मंडळ असलेली गावं, मंडळ नाही पण रेडिओ आहे अशी गावं, आणि रेडिओही नाही अशी गावं, अशी तुलना त्यांनी केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. बाकीच्या दोन्हीकडे फारशी नाही. म्हणजे रेडिओ असून-नसून सारखाच! मंडळांच्या चर्चेतून गावांनी केलेल्या गोष्टीही नोंदल्या आहेत: विहिरी खोदल्या, जातिवंत वळू आणले, लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, विक्री संस्था काढल्या. आणि बालवाड्याही. मला हे बालवाडीचं फार महत्त्वाचं वाटतं. चार माणसं एकत्र बसली की बोलणं पिकापाशी थांबत नाही.

अर्थात, ही माणसं म्हणजे बहुतेक पुरुषच. संध्याकाळचे साडेसहा म्हणजे घरात धारा काढायची, चूल पेटवायची वेळ. बियाणं राखणारी, कांद्याची रोपं लावणारी बाई त्या वेळी रेडिओपाशी कशी बसणार?

नोव्हेंबर १९५९मध्ये ही योजना देशभर नेली गेली. पुढे मंडळं विरत गेली, शेतीचे कार्यक्रम मात्र राहिले.

आता दुसरं. २००७ साली महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू झाली. बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, सगळं मोबाइलवर, मराठीत. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी १०० गावांत चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडून काहींना ती वर्षभर फुकट दिली, काहींना नाही. २०१२मध्ये निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याच्या हाती पडलेल्या भावात सरासरीने ठळक फरक नाही. पावसाने होणाऱ्या नुकसानीत नाही. वाण किंवा लागवडीची पद्धत बदलण्यातही नाही. मालाची प्रतवारी करणं, बाजार बदलून पाहणं, एवढ्यात थोडीफार हालचाल दिसली.

सेवा वाईट होती, असं मी म्हणणार नाही. माझं मत असं, की भाव कळणं आणि त्या भावाने विकता येणं यांच्यामध्ये बरंच काही असतं. दीड एकरवाल्याकडे दहा-बारा गोण्या कांदा आहे. लासलगावला भाव चढा आहे हे त्याला कळलं, ठीक. पण टेम्पो एवढ्याशा मालाने भरत नाही, भाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. शिवाय मुलाच्या फीसाठी जवळच्या बाजारातल्या अडत्याकडून त्याने उचल घेतलेली असते. माल तिथेच जाणार. एकट्याच्या खिशातल्या मोबाइलवर आलेला संदेश यात काय करील? शेजारच्या पाच जणांनी मिळून एक टेम्पो केला तर गणित वेगळं होतं. पण तसं ठरवायला पाच जणांनी आधी एकत्र बसायला हवं. १९५६च्या मंडळांत नेमकी तेवढी सोय होती, आणि विक्री संस्था निघाल्या त्या अशाच बैठकांतून.