वस्तऱ्याची मूठ

वस्तऱ्याचा इतिहास बहुधा पात्याचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. शेफील्डजवळ १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केले आणि वस्तऱ्याला चिवट, बारीक धार मिळाली, एवढे सांगून झाले की मुठीकडे कोणी वळत नाही. वस्तुतः वस्तरा कोणत्या जगात घडला, हे पात्यावरच्या छापाइतकेच मूठही सांगते.

मिटणाऱ्या वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, टोकाशी त्यांच्यामध्ये बसवलेली पाचर (पुष्कळदा शिशाची) आणि हे सारे धरून ठेवणारे बारीक रिव्हेट. शेफील्डमध्ये पाते घडवणे, त्याला सहाणेवर आकार देणे आणि मूठ बसवणे हे तीन निरनिराळे व्यवसाय होते. साध्या वस्तऱ्याला शिंगाची मूठ असे. ऐपतदारासाठी कासवाचे कवच किंवा हस्तिदंत. शिंग आणि कवच उष्णतेने मऊ पडत असल्याने साच्यात दाबून त्यांना हवा तो आकार देता येई. एका गृहस्थाच्या सकाळच्या दाढीमागे दूरचा हत्ती किंवा उष्ण समुद्रातले कासव उभे असे, हे त्या आरशात दिसत नसे.

१८७० मध्ये अमेरिकेत हायट बंधूंनी सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनलेल्या या पदार्थाने हस्तिदंताच्या रेषांची आणि कवचाच्या ठिपक्यांची हुबेहूब नक्कल केली. चैन स्वस्त झाली. पण नकलेच्या पोटात विष होते. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल होते आणि पट्ट्यांमध्ये मिटून ठेवलेले पाते गंजते. ज्या मुठीने पात्याचे रक्षण करायचे, तीच त्याला खाते.

जीर्णोद्धार करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. वाकलेले शिंग ऊब देऊन सरळ करता येते. रिव्हेटचे डोके कानशीने घासून मूठ सोडवावी, गंज काढावा, नवी पितळी तार घालून हलक्या हातोडीने तिचे डोके पसरावे, की वस्तरा पुन्हा उभा राहतो. हस्तिदंताची तुटलेली पट्टी मात्र हस्तिदंताने बदलू नये. आफ्रिकी हत्तीच्या दातांचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय १९८९ मध्ये झाला, आणि जून २०२२ पासून ब्रिटनमध्ये मोजके अपवाद वगळता जुन्या हस्तिदंती वस्तूंच्या खरेदी-विक्रीवरही बंदी आहे. आणि कुजणारे सेल्युलॉइड? त्यावर उपाय नाही; ते केवळ लांबवता येते.

‘मूळ ते सारे राखावे’ हा संग्राहकांचा आवडता नियम आहे. परंतु येथे मूळ मूठ राखणे म्हणजे मूळ पाते गमावणे. म्हणून आधी छायाचित्रे व मापे नोंदवावीत, मूठ उतरवून इतर वस्तूंपासून दूर, थंड व हवेशीर जागी ठेवावी आणि पात्याला शिंगाची किंवा लाकडाची नवी मूठ द्यावी. नवी मूठ नवी म्हणूनच दिसावी. हस्तिदंताची नक्कल एकदा होऊन गेली आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली तिची पुन्हा नक्कल करण्यात इतिहासाचा सन्मान नाही.