मुदपाकखान्यात सापडलेलं द्रव्य

जर्मनीत नेकर नदीकाठी ट्युबिंगेन आहे आणि गावाच्या माथ्यावर होहेनट्युबिंगेनचा किल्ला. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाने या किल्ल्यात रसायनशाळा थाटली होती. फेलिक्स होपे-सायलर तिथले प्रमुख. हिमोग्लोबिन हे नाव त्यांनीच दिलेलं. १८६८ साली बाझेलहून फ्रीडरिश मीशर नावाचा चोविशीतला डॉक्टर त्यांच्याकडे आला. त्याला ऐकू कमी येई. छातीचे ठोके ऐकून निदान करण्याच्या त्या काळात ही मोठीच अडचण, म्हणून त्याने दवाखान्याऐवजी प्रयोगशाळा धरली. त्याला बसायला जागा मिळाली ती किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात.

पेशी कशाची बनलेली असते, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी पेशी भरपूर हव्यात, आणि पुवाइतका स्वस्त साठा दुसरा नव्हता. पुवात पांढऱ्या रक्तपेशी खच्चून भरलेल्या असतात. जंतुनाशकं अजून रुळली नव्हती, शस्त्रक्रियेनंतर जखमा चिघळायच्याच, त्यामुळे रुग्णालयातून पुवाने भिजलेल्या पट्ट्यांची ददात नव्हती. कुजून वास सुटलेल्या पट्ट्या टाकून द्यायच्या, उरलेल्या सोडियम सल्फेटच्या द्रावणात धुवायच्या, धागे गाळून काढायचे आणि पेशी भांड्याच्या तळाशी बसेपर्यंत थांबायचं. साध्या मिठाच्या पाण्यात पेशी फुगून चिकट होत, म्हणून हा खटाटोप. मग डुकराच्या जठरातून काढलेलं पेप्सिन घालून प्रथिनं पचवून टाकायची.

तरीही काहीतरी उरत होतं. आम्ल घातलं की साका खाली बसे, अल्कली घातली की विरघळून जाई. त्यात फॉस्फरस भरपूर आणि प्रथिनांतल्यासारखं गंधक मुळीच नाही. म्हणजे हे प्रथिन नव्हे. पेशीच्या केंद्रकातून मिळालं म्हणून मीशरने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. साल १८६९. होपे-सायलर यांचा विश्वास बसेना. त्यांनी सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले, आणि निबंध छापला गेला तो १८७१ साली! 

बाझेलला परतल्यावर मीशरने पू सोडला. ऱ्हाईन नदीत साल्मन मासे मुबलक होते आणि त्यांच्या शुक्रपेशीचं डोकं म्हणजे जवळजवळ केंद्रकच. उबेत हे द्रव्य बिघडतं, म्हणून तो ऐन थंडीत, पहाटेपासून, शेगडी न पेटवता काम करी. शुक्रपेशीतला हाच पदार्थ फलनाला कारण असेल का, हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. पण एकाच द्रव्याच्या अंगी एवढं सामर्थ्य असेल, हे त्याला पटलं नाही. १८९५ मध्ये क्षयाने तो गेला.

पुढची पन्नास वर्षं या द्रव्याच्या वाट्याला उपेक्षाच आली. अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन हे त्यातले चार घटक माहीत झाले, पण ते एकाच ठराविक क्रमाने येत राहतात असा समज पसरला. एवढ्या कंटाळवाण्या रेणूत आनुवंशिकता कशी मावणार? १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करून दाखवलं की एका जंतूचा गुण दुसऱ्यात नेतो तो डीएनएच, म्हणजे मीशरचं न्यूक्लीनच. तरी अनेकांना शंका होतीच.

१९५० साली बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेला अतिशय शुद्ध डीएनए लंडनच्या एका बैठकीत सहकाऱ्यांना वाटून टाकला. त्यातला थोडा लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या मॉरिस विल्किन्स यांच्या हाती लागला. १९५२ मध्ये तिथेच रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांनी क्ष-किरणांनी टिपलेलं प्रसिद्ध ‘छायाचित्र ५१’ याच डीएनएचं. पुढे डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांची नावं घराघरांत पोचली. ज्याच्या डीएनएमुळे ते चित्र इतकं स्वच्छ उमटलं, तो सिग्नर मात्र कुणाला आठवत नाही.

एप्रिल १९५३ मध्ये ती रचना जाहीर झाली: पीळ पडलेली शिडी. दोन्ही बाजूंना साखर आणि फॉस्फेट, मधल्या पायऱ्या जोड्यांच्या; अॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. या पायऱ्यांच्या क्रमातच प्रथिनं बनवण्याचा मजकूर असतो. आणि एक बाजू हाती असली की दुसरी आपोआप ठरते, म्हणजे जुन्या बाजूवरून नव्या रेणूची प्रत निघू शकते.

पण प्रत खरंच तशी निघते का? कॅल्टेकमध्ये मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी ई. कोलाय जंतूंना आधी जड नायट्रोजनवर वाढवलं, मग साध्या नायट्रोजनवर आणलं, आणि त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात वेगाने फिरवला. एका पिढीनंतर सगळा डीएनए जड आणि हलका यांच्या मधोमध थांबला. दुसऱ्या पिढीत निम्मा मधोमध, निम्मा हलका. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो. हा निबंध १९५८ साली छापला गेला आणि प्रत कशी निघते हा वाद तिथेच मिटला.