वारली रेषा आणि कॅमेरा

ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली समाजात लग्नाच्या वेळी शेण आणि गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवासिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत असत, म्हणजे नक्षीदार चौकटीत पालघट देवीची आकृती रेखाटत असत; हा विधी धवलेरीच्या, अर्थात लग्न लावणाऱ्या स्त्री-पुरोहिताच्या, गाण्यांसह चाले. लग्न पार पडले की चित्राचे काम संपे. ते टिकावे, विकले जावे किंवा त्यावर कोणाची सही असावी, अशी अपेक्षा त्यामागे नव्हती.

1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रकारांच्या हाती कागद आणि पांढरा रंग दिला, तेव्हा हे चित्र भिंतीवरून सुटले. जिव्या सोमा मशे यांनी त्याला लग्नविधीबाहेर नेऊन शेती, मासेमारी, मुंग्यांची वारुळे असे विषय दिले. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत आणि 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. मात्र या प्रसिद्धीबरोबरच दोन त्रिकोणांच्या टोकाला टोक जोडून केलेली मनुष्याकृती भेटवस्तूंवर आणि कपड्यांवर इतकी छापली गेली, की ती आकृती काढणारा समाज मात्र काळाबाहेर राहणारा आहे, असा शहरी समज दृढ झाला.

या समजाची मुळे छायाचित्रणाच्या इतिहासात शोधता येतात. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच दशकात, 1863 व 1866 मध्ये, विल्यम जॉन्सन यांचे मुंबईतील जातीजमातींचे चित्रसंग्रह दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतील अनेक चित्रांत स्टुडिओत टिपलेल्या व्यक्ती वेगळ्याच दृश्यावर चिकटवलेल्या आहेत. वास्तवाचा पुरावा म्हणून मिरवणाऱ्या यंत्राने माणसाला त्याच्या भूमीपासून कापून काढले आणि सोयीची पार्श्वभूमी बहाल केली. चित्राखाली बहुधा जातीचे नाव असे, व्यक्तीचे नसे.

छायाचित्रकार गौरी गिल आणि डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार राजेश वांगड यांनी 2013 पासून उभी केलेली ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका नेमकी या उलट दिशेने जाते. गिल गंजाड परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतात, त्यांपैकी काहींत वांगड स्वतः उभे असतात. पण वांगड जागोजागी ज्या देवांच्या, दुष्काळांच्या आणि हिंसेच्या कथा सांगत, त्या भिंगाला दिसत नाहीत असे लक्षात आल्यावर छापील छायाचित्रावरच शाईने रेखाटण्याचे काम वांगड यांच्याकडे आले. मोकळे आकाश, डोंगराची उतरण, भातखाचरे बारीक आकृत्यांनी भरून जातात. जवळून पाहिल्यास झाडाची खरी फांदी कोठे संपते आणि रेखाटलेली कोठे सुरू होते, हे ठरवताना डोळा अडखळतो. दूर गेल्यास पुन्हा साधा भूप्रदेश दिसू लागतो. या रेखाटनाला सजावट म्हणणे चुकीचे ठरेल, कारण छायाचित्रातून निसटलेली माहिती ते पुरवते.

ही माहिती केवळ पुराणकथांची नाही. हा प्रदेश वेठबिगारीविरुद्ध 1945 साली सुरू झालेल्या आणि गोदावरी परुळेकरांनी नोंदवून ठेवलेल्या उठावाचा आहे. 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, तरी त्याच तालुक्यात त्याच दशकात 500 मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र सुरू झाले. त्यामुळे वांगड यांच्या रेषेत शहरे आणि यंत्रे आली, तर त्यात परंपरेचा भंग पाहण्याचे कारण नाही. भोवती जे आहे ते काढणे हीच मशे यांच्यापासूनची रीत आहे.

मालिकेतील प्रत्येक कृती दोघांच्या नावे मांडली जाते. कॅमेरा आणि कलादालनांची वाट अजून प्रामुख्याने शहराच्या बाजूलाच आहे, हा आक्षेप त्याने पुसला जात नाही. तरीही निनावी नमुन्यापासून नामनिर्दिष्ट सहकर्त्यापर्यंतचे हे अंतर लहान नव्हे. मूळ चौक लिहिणाऱ्या सवासिणींपैकी फारच थोड्यांची नावे मात्र कलेच्या इतिहासात आली आहेत.