कार्डापासून पीडीएफपर्यंत: जुळवणीचं काम कुणाचं?

आजचा भाग रेझ्युमेवर आहे. पण "रेझ्युमेच्या दहा टिप्स" असला नाही. आज आपण थोडा इतिहास बघणार आहोत, आणि तोही आपल्याच पट्ट्याचा. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण.

"प्रत्येक जॉबसाठी रेझ्युमे बदलून पाठवा" हे आजकाल सगळेच सांगतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन प्रश्न येतात. एक, माणूस तोच असेल तर कागद वेगळा कसा? ही लबाडी नाही का? आणि दोन, आमच्या वडिलांना हे कधी करावं लागलं नाही, मग आम्हालाच का?

आधी दुसरा प्रश्न घेऊ. कारण जुळवणी तेव्हाही होत होती. फक्त ती करणारा माणूस वेगळा होता.

साल १९४५. दुसरं महायुद्ध संपत आलेलं. लाखो भारतीय सैनिक घरी परतणार होते आणि त्यांना काम लागणार होतं. त्यांच्यासाठी सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू केली. कल्पना ब्रिटनमधली. तिथे १९०९ साली कायदा झाला होता आणि १९१० मध्ये अशी ऑफिसं उघडली होती. तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते विन्स्टन चर्चिल. हो, तेच.

आता विचार करा. सैन्यात चार वर्षं ट्रक दुरुस्त करणारा माणूस कारखान्यात गेला आणि त्याने आपला हुद्दा आणि युनिट सांगितलं, तर मालकाला त्यातून काय कळणार? कुणीतरी सांगायला हवं की हा डिझेल मेकॅनिक आहे, इंजिन खोलून परत बसवू शकतो. काम तेच, फक्त समोरच्याला कळेल अशा शब्दांत. आज आपण ज्याला रेझ्युमे टेलर करणं म्हणतो, ते हेच.

१९४८ मध्ये ही ऑफिसं सगळ्यांसाठी खुली झाली, १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे आला. मग आला १९५९ चा कायदा: सरकारी आस्थापनांनी, आणि २५ किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी, ठरावीक प्रकारच्या रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. हा कायदा लागू झाला १ मे १९६० ला. म्हणजे ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्माला आलं, त्याच दिवशी.

आणि नेमका तेव्हाच आपला पट्टा उभा राहत होता. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली होती. सरकारी क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी, डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६६ मध्ये टेल्कोचा पुणे प्लांट आला. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. गावांचं शहर इतक्या झपाट्याने झालं की १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये थेट महानगरपालिका.

या काळात नोकरी शोधणारा पोरगा एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायचा. त्याचं कार्ड तयार व्हायचं. शिक्षण काय, ट्रेड कोणता, अनुभव किती, सगळं कार्डावर. कामांची एक राष्ट्रीय यादी १९५८ मध्येच तयार झाली होती, प्रत्येक कामाला कोड नंबर. कारखान्याकडून मागणी आली की कर्मचारी त्या कोडची कार्डं काढायचा, पात्रता आणि नोंदणीची ज्येष्ठता बघायचा आणि नावं पाठवायचा. पोराच्या घरी 'कॉल' यायचा.

थोडक्यात, जुळवणी टेबलापलीकडचा माणूस करायचा. त्यात ट्रेड हा शब्दच अर्धा रेझ्युमे होता. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानंतर आयटीआय करून कंपनीत अप्रेंटिसशिप केलेल्या पोराला एका ओळीत आपली ओळख सांगता यायची. समोरच्या फोरमनला त्या एका ओळीतून सगळं कळायचं.

पण जुना काळ सोन्याचा होता असं समजू नका. कॉलची वाट बघण्यात वर्षं जायची, कार्ड वेळेवर रिन्यू केलं नाही तर ज्येष्ठता जायची. शिवाय १९५९ चा कायदा जागा कळवायला सांगत होता, एक्स्चेंजमधूनच माणूस घ्या असं नाही. त्यामुळे दुसरा रस्ता जोरात चालायचा: ओळख. काका टेल्कोत असला तर तो सुपरवायझरला सांगायचा, "पोरगं मिलिंगला चांगलंय, ड्रॉइंग वाचतं." आता बघा, काकाने काय केलं? सुपरवायझरला काय हवंय ते त्याला माहीत होतं. पोराच्या दहा गोष्टींपैकी नेमक्या दोन त्याने पुढे ठेवल्या. तोही टेलर केलेला रेझ्युमेच, फक्त तोंडी. ज्याला काका नव्हता, तो गेटवर उभा.

मग दोन्ही रस्ते बदलले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारी जागांसाठी फक्त एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांवर थांबू नका, पेपरात जाहिरात द्या, अर्ज करणाऱ्या सगळ्यांचा विचार करा. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झाली. आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं चाकण बदललं. १९९९ मध्ये बजाजचा प्लांट, २००९ मध्ये फोक्सवॅगन, २०१० मध्ये महिंद्रा, आणि आजूबाजूला पार्ट बनवणारे असंख्य कारखाने.

दार सगळ्यांसाठी उघडलं, ही चांगली गोष्ट. पण टेबलापलीकडचा कर्मचारी गेला. त्याच्या जागी आता सर्च बॉक्स आहे. एचआरवाला त्यात "व्हीएमसी सेटर, फॅनुक, २ वर्षं" असं टाइप करतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून एवढं सांगतो: साधा सर्च अंदाज बांधत नाही, शब्द जुळवतो. तुम्ही "मशीन ऑपरेटर" लिहिलं असेल, तर तुम्ही फॅनुक कंट्रोलवर दोन वर्षं काम केलंय हे त्याला कळणार नाही. कार्ड काढणारा माणूस एखादा प्रश्न तरी विचारायचा. सर्च विचारत नाही.

म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे: वडिलांच्या वेळी जुळवणी कचेरी करायची किंवा काका करायचा. आता ते काम तुमच्या अंगावर आलंय, आणि हे कुणी स्पष्ट सांगितलेलंच नाही.

आता पहिला प्रश्न, लबाडीचा. समजा एका पोराने भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं व्हीएमसीवर काम केलंय. त्याला दोन जाहिराती दिसल्या. पहिली व्हीएमसी सेटरची. तिथे वर यायला हवं: कोणता कंट्रोल, कोणतं मटेरियल, टूल ऑफसेट स्वतः घेतो का, जॉब सेटिंग स्वतः करतो का. दुसरी चाकणमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टरची. तिथे वर येईल: मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज वापरलंय, ड्रॉइंग वाचता येतं, फर्स्ट पीस इन्स्पेक्शनचा रिपोर्ट भरलाय. दोन वर्षं तीच. एकही ओळ खोटी नाही. फक्त क्रम बदलला, आणि जाहिरातीतला शब्द घेतला. सीएमएम चालवता येत नसताना सीएमएम लिहिलं, तर ती लबाडी. आणि ती पहिल्याच दिवशी शॉप फ्लोअरवर उघडी पडते.

हे सगळ्यात महत्त्वाचं कुणासाठी, तर कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्यांसाठी. सात महिने इथे, अकरा महिने तिथे, आणि रेझ्युमेवर तीन वेळा फक्त "ट्रेनी". मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या कितीतरी पोरांचं हेच होतं. काम खरं केलेलं असतं, पण लिहिलेलं नसतं. कोणत्या लाइनवर होतात, कोणता पार्ट बनवत होतात, कोणतं मशीन, हे लिहा. एक मोठी यादी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, हे तुमचं कार्ड. मग प्रत्येक जाहिरातीसाठी त्यातून लागणाऱ्या ओळी उचला.

चाकणमध्ये आता इलेक्ट्रिक गाड्याही बनू लागल्यात. कामांची नावं परत बदलणार, जाहिरातीतले शब्दही बदलणार. यादी अपडेट ठेवा.