पाणी एक, रीती दोन

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर आणि नंदुरबार यांच्यामध्ये, चिंचपाडा हे लहानसे स्थानक लागते. तिथे ख्रिस्ती रुग्णालय आहे. अशा गावी निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक शेजारी राहू लागले, की एक जुना प्रश्न निघतोच: बाप्तिस्मा तान्ह्या लेकराचा करावा, की जाणतेपणी त्यानं स्वतः विश्वास कबूल केल्यावर? यावरून सख्खी माणसंही तुटतात.

या वादाला वाट सापडली ती नागपुरास. उत्तर हिंदुस्थानातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन आदी सहा मंडळ्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणून एक झाल्या. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्याचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य ठरल्या. ज्या पाळकाचं मन बाळाच्या बाप्तिस्म्यास घेत नाही, त्याच्यावर सक्ती नाही.

सगळेच आले असं नव्हे. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्ट मंडळीनं ऐनवेळी नकार दिला. हाही मतभेदच, ती वेगळी राहिली म्हणून बाकीच्यांचं ऐक्य काही अडलं नाही.

या ऐक्याला एकेचाळीस वर्षं लागली. कुणी आपलं मत सोडलं नाही, सोडला तो दुसऱ्याला वाकवण्याचा हट्ट. गावच्या मंडळीत उद्या असा वाद उठला, तर मतं मोजण्याआधी एवढं विचारावं: न पटणाऱ्याला आपल्या घरात जागा कुठे आहे?